सड्यावर तणनाशक, खाली पऱ्या: पाण्यात नेमकं काय उतरतं?

कातळफूल
आमची वाडी सड्याच्या (कातळाच्या पठाराच्या) पायथ्याला. तालुका राजापूर. गावाचं नाव देत नाही, कारण गावातले चार जण इथे वाचतात आणि मला गणपतीत घरी जायचंय.

वर सड्याच्या कडेला आणि उतारावर पूर्वी गुरं चरायची. दिवाळीच्या सुमारास गवत कापलं जायचं. आता तिथे काजू-हापूसच्या बागा झाल्यात. गवत कापायला माणूस नाही, खायला गुरं नाहीत, म्हणून सरसकट तणनाशक मारतात. एक हात जुलैत, दुसरा नवरात्राच्या आसपास. दुसऱ्या हातानंतर थोड्याच दिवसांत अख्खा उतार तांबूस पडतो. बाजूची झाडी हिरवीगार आणि मध्येच हा पट्टा, गडग्यापासून गडग्यापर्यंत (दगडी कुंपणापासून कुंपणापर्यंत) आखल्यासारखा.

त्याच उतारावरून आमचा पऱ्या (छोटा ओढा) येतो. पऱ्याच्या वरच्या अंगाला झरा आहे, तिथून पाईपने वाडीत पाणी येतं. मोटर नाही, बिल नाही. फडक्याने गाळायचं आणि प्यायचं.

आई म्हणते पऱ्यात मुठे (खेकडे) दिसेनासे झालेत. बागवाले म्हणतात औषध मातीत मरतं, पाण्यात येतच नाही. खरं काय? भांडण करायचं नाहीये, पण विचारायचं तर काय विचारायचं तेही कळत नाहीये.

जांभा_चिरा
पहिला प्रश्न: कुठलं औषध? "तणनाशक" एवढ्यावर काहीच सांगता येणार नाही. ग्लायफोसेट, पॅराक्वाट, टू-फोर-डी, ग्लुफोसिनेट, चौघांची पाण्यातली वागणूक चार तऱ्हांची. बागेच्या कोपऱ्यात रिकामे डबे पडलेले असतातच. लेबलचा फोटो काढ.

मालवणी_मीठ
अरे बाबानु, गवात मारल्यात तर गुरां काय खातली? वैरण काय ऑनलाईन मागवतलास?

अर्धवट_आंबेवाला
@मालवणी_मीठ, गुरं दाखव आधी, मग वैरणीचं बघू.

मी स्वतः मारतो, त्यामुळे शिव्या खायला हजर आहे. पण बाजू ऐका. ग्रासकटरवाला दिवसाला हजाराच्या खाली येत नाही, पेट्रोल वेगळं, आणि नेमका हवा तेव्हा दुसऱ्याच्या बागेत असतो. कातळावर ब्लेड दगडाला लागलं की ठिणगी. गवत उभं ठेवलं तर जानेवारीनंतर वणवा. कोणीतरी विडी टाकतो, कोणी शिकारीसाठी मुद्दाम लावतो, आणि पंधरा वर्षं वाढवलेली कलमं एका दुपारी करपतात. नुकसानभरपाईचा पंचनामा होईपर्यंत पुढचा मोहोर येतो. शिवाय काजू पडायला लागल्यावर खाली गवत असेल तर बी सापडत नाही. हे सगळं ज्याने केलंय त्यालाच कळेल. पर्यावरणावर बोलणं सोपं आहे.

कुळीथपिठी
आंबेवालेदादा, वणव्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण वणव्यासाठी बागेभोवती जाळरेषा (गवत काढलेली पट्टी) पुरते. अख्खा उतार कशाला मारायचा?

अर्धवट_आंबेवाला
कारण पंप पाठीवर असतोच. :)

पाणवठा
पाणी तपासण्याच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर.

"औषध मातीत मरतं" हे अर्धं खरं आहे. ग्लायफोसेट मातीला घट्ट धरून बसतं, विशेषतः लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं असलेल्या मातीला. आपली जांभ्याची लाल माती म्हणजे तीच. त्यामुळे विरघळून खाली झिरपण्याचं प्रमाण कमी. मातीतले जिवाणू त्याचे तुकडे करतात आणि त्यातून अ‍ॅम्पा नावाचा पदार्थ उरतो, जो मूळ औषधापेक्षा जास्त टिकतो. मूळ औषध निम्मं व्हायला कुठे काही दिवस लागतात, कुठे काही महिने. माती, ऊब, ओल यांवर अवलंबून.

आता उरलेलं अर्धं. औषध मातीला धरून बसलंय, पण माती कुठे बसलीये? आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. उतारावरचं गवत मारलं की मुळं सुटतात, आणि पहिल्या मोठ्या सरीत वरचा थर पऱ्यात. औषध त्या मातीवर बसून येतं. फवारणीनंतरचा पहिला जोराचा पाऊस सगळ्यात जास्त औषध वाहून नेतो, हे जगभर दिसलेलं आहे. त्यानंतर आकडे झपाट्याने उतरतात. म्हणून "मार्चमध्ये पाणी तपासलं, काही निघालं नाही" याला फारसा अर्थ नाही.

दुसरं, जांभा सलग खडक नाही. त्यात भोकं, नळ्या, भेगा. सड्यावर पडलेलं पाणी काही ठिकाणी मातीतून गाळून न जाता सरळ या वाटांनी झऱ्याला येतं. पावसाळ्यात तुमचा झरा सर पडल्यावर लगेच गढूळ होत असेल, तर समजा की वरचं पाणी न गाळता येतंय. हे घरबसल्या बघता येतं, त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

टू-फोर-डीचं वेगळं. त्याचे क्षार पाण्यात सहज विरघळतात आणि मातीला फारसे धरत नाहीत. ते मरतं लवकर, पण मरायच्या आत पाऊस आला तर पाण्याबरोबर चालायला लागतं.

शहरीबाबू
म्हणजे थोडक्यात प्यायचं की नाही? (मी डोंबिवलीत राहतो, आमच्या नळाला काय येतं ते विचारू नका.)

पाणवठा
@शहरीबाबू, ते थोडक्यात सांगता आलं असतं तर मी थोडक्यातच लिहिलं असतं.

दूरदेशी
मी सध्या अमेरिकेत मॉन्टानात आहे, गाव मूळचं संगमेश्वर. इथे डोंगराळ चराऊ रानांवर तणनाशक मारणं हे नेहमीचं काम. मैलोन्‌मैल. पण एक मूलभूत फरक आहे, तो या चर्चेत यायला हवा.

इथले लोक गवत वाचवायला फवारतात. लीफी स्पर्ज, नॅपवीड अशी रुंद पानांची परकी तणं गवताला दाबतात आणि गुरं ती खात नाहीत. म्हणून पिक्लोराम, टू-फोर-डी यांसारखी औषधं, जी रुंद पानं मारतात आणि गवत सोडतात. फवारणीनंतरही जमिनीवर गवताची चादर राहते, ती माती धरते आणि वाहतं पाणी गाळते. आपण कोकणात नेमकी ती चादरच मारतो, तीही उतारावर, तीही इथल्या कित्येक पट पावसात.

इथे सगळं छान आहे असं नाही. पिक्लोराम मातीला धरत नाही, वर्ष वर्ष टिकतं, पाण्याबरोबर दूर जातं. म्हणून ते परवाना असलेल्यालाच वापरता येतं, आणि पाझरणारी जमीन, वर आलेलं भूजल, ओढ्याचा काठ इथे मारू नये असं लेबलवरच बजावलेलं असतं. गंमत म्हणजे ते गुरांच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर येतं. फवारलेल्या रानातलं शेण परसात घातलं की टोमॅटो आणि शेंगभाज्यांची पानं आकसून वळतात. इथल्या हौशी बागवाल्यांचं ते कायमचं रडगाणं.

आणि इथले बरेच ओढे वर्षातला बराच काळ कोरडे असतात. लोकांना वाटतं पाणीच नाही तर काठ सोडायचा कशाला. मग वळवाची एक सर येते आणि कोरड्या पात्रात पडलेलं सगळं एकदम खाली. आपले पऱ्ये फेब्रुवारीनंतर तसेच.

जांभा_चिरा
"आपण ती चादरच मारतो" हे पटलं. जुलैत मारलेल्या बागेतून पाणी कसं उतरतं बघा, चहासारखं. शेजारच्या न मारलेल्या रानातून तेच पाणी नितळ येतं. औषधाचं राहू द्या बाजूला, नुसत्या मातीनेच पऱ्याची वाट लागते. डोहात गाळ, दगडांवर गाळ, खेकड्यांच्या बिळांत गाळ.

रापणकार
मासे मेल्याचं मी बघितलंय. आमच्याकडे चढणीच्या माशांवर पोरं टपून असतात, जूनमध्ये. एका वर्षी वरच्या कोंडीत मासे उलटे तरंगत होते. वरच्या बागेत आदल्याच दिवशी फवारणी झाली होती.

मालवणी_मीठ
रापणकारानु, खरां सांगा, ब्लिचिंग पावडर कोणी टाकल्यान नव्हता मा? आमच्या व्हाळात तणनाशकापेक्षा ब्लिचिंगान जास्त मासे मेले.

रापणकार
असू शकतं. नाही म्हणत नाही.

पाणवठा
मालवणी_मीठ यांनी मोलाची शंका काढली. एका घटनेवरून औषधाला फाशी देऊ नये. मासे पकडायला पूर्वी गेळ्याची फळं ठेचून पाण्यात टाकायचे, आता ब्लिचिंग.

पण बेडूक आणि माशांबाबत एक गोष्ट नक्की. डब्यात नुसतं ग्लायफोसेट नसतं. ते पानाला चिकटावं म्हणून साबणासारखा पदार्थ असतो. जुन्या मिश्रणांत पॉलिऑक्सिएथिलीन अमाइन नावाचा असतो, आणि तो बेडकांच्या पिल्लांना व माशांना मूळ औषधापेक्षा जास्त घातक ठरतो. युरोपीय संघाने २०१६ साली ग्लायफोसेटच्या मिश्रणांतून तो काढायला लावला. जुलैत सड्यावरच्या डबक्या-डबक्यांत बेडकांची पिल्लं वळवळत असतात, आणि पंपवाला तिथूनच पाणी भरत असतो.

शिवाय काठावरचं गवत मेलं की ते पाण्यात कुजतं, पाण्यातला प्राणवायू खातं. सावली जाते, पाणी तापतं. मासा विषाने मेला की गुदमरून, हे वरून बघून कळत नाही.

कुळीथपिठी
डब्यावर हिरवा त्रिकोण असला की दुकानदार म्हणतो "एकदम सेफ". आमच्याकडे तर मीठ आणि युरिया घालून जोर वाढवतात.

जांभा_चिरा
तो त्रिकोण माणसासाठी आहे हो ताई. लाल, पिवळा, निळा, हिरवा असा उतरता क्रम, आणि तो ठरतो उंदरांना वगैरे किती डोसने मरण येतं त्यावरून. बेडूक, मासे, मुठे यांचा त्यात हिशेबच नाही.

आणि पॅराक्वाटवाल्यांनी तर विशेष जपा. त्याला उतारा नाही. एखादा घोट पोटात गेला तरी माणूस हातचा जातो. स्वित्झर्लंडने १९८९ सालीच ते बंद केलं. आपल्याकडे अजून थंडपेयाच्या बाटलीत भरून पडवीत ठेवलेलं सापडतं.

पावसाळी_भाजी
पाण्यावर सगळे बोलताय, भाजीचं कोणी बोलेना. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी आम्ही याच बागांतून, याच उतारांवरून आणतो. फवारल्यावर पहिले काही दिवस पान हिरवंच दिसतं! बाजारात टाकळ्याची जुडी घेताना आता विचारावं लागतं, कुठनं आणलास बाबा. आणि सड्यावरची दीपकाडी? ती तर कोकणाबाहेर सापडतच नाही, जुलैत फुलते. पहिला हात बरोब्बर तेव्हाच.

शहरीबाबू
फोडशीची भाजी! पाककृती द्या ना ताई.

पावसाळी_भाजी
वेगळा धागा काढा. इथे तुमची फोडशी पाण्याच्या तपासणीत वाहून जाईल.

सहज_सुचलं
आमच्या भागात (दोडामार्गकडे) हे सगळं बाहेरून आलेल्या रबर-अननसवाल्यांनी सुरू केलं. आधी आपली माणसं असलं काही करत नव्हती.

अर्धवट_आंबेवाला
जमीन कोणी विकली त्यांना? आणि मी कुठून आलो, केरळातून? माझ्या आजोबांची बाग आहे.

संपादक
कोण कुठून आलं हा विषय इथे नको. धागा पाण्याचा आहे.

नियमबुवा
कायद्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून. आपल्याकडे ग्लायफोसेटच्या लेबलवर चहाचे मळे आणि पीक नसलेली जमीन एवढंच आहे. आंबा-काजूच्या बागेचं नाव नाही. आणि ऑक्टोबर २०२२ ची केंद्राची अधिसूचना सांगते की ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांनीच वापरावं. गावात असा कोणी बघितलाय का?

मालवणी_मीठ
आमच्याकडे परवानाधारक म्हणजे ज्याच्याकडे पंप आसा तो.

कातळफूल
धन्यवाद सगळ्यांना, बरंच डोक्यात शिरलं. माहिती काढली. भाऊ वर जाऊन आला. डबे ग्लायफोसेट ४१ टक्केचे आहेत, काही टू-फोर-डीचेही. झुडूप मरत नाही म्हणून दोन्ही मिसळतात म्हणे.

पण खरी गोष्ट पुढेच. डबे आणि सांडलेलं औषध झऱ्यापासून चार पावलांवर आहे. तिथेच पंप भरतात आणि तिथेच धुतात, कारण वर दुसरीकडे पाणीच नाही. आमचा पाईप त्याच झऱ्याला लावलाय.

पाणवठा
मग बाकी चर्चा नंतर, आधी ते थांबवा. आजच.

हिशेब मांडतो. ४१ टक्केच्या डब्यात लिटरला साधारण ३६० ग्रॅम ग्लायफोसेट. सोळा लिटरच्या पंपात शंभर मिली टाकलं तर पंपात ३६ ग्रॅम. फवारणी संपल्यावर तळाशी पेलाभर, म्हणजे दोनशे मिली द्रावण उरलं, तर त्यात सुमारे ०.४५ ग्रॅम. एवढुसं पाण्यात पडलं तर ते अमेरिकेच्या पिण्याच्या मर्यादेखाली (लिटरला ७०० मायक्रोग्रॅम) आणायला साधारण साडेसहाशे लिटर पाणी लागेल. युरोपच्या मर्यादेखाली (लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम) आणायला ४५ लाख लिटर. दोघेही शहाणेच, पण मर्यादा ठरवायची पद्धत वेगळी. एक आरोग्याच्या हिशेबाने चालतो, दुसऱ्याचं म्हणणं की कुठलंही कीडनाशक पिण्याच्या पाण्यात असूच नये.

हा फक्त धुवायच्या पाण्याचा हिशेब. डबा कलंडला तर विचारूच नका. युरोपातल्या पाहण्यांतही ओढ्यात सापडणाऱ्या औषधाचा मोठा वाटा रानातून वाहून आलेला नसून पंप भरताना-धुताना सांडलेला निघालाय. त्यामुळे वर जे लांबलचक लिहिलं ते खरं असलं तरी तुमच्या वाडीपुरता पहिला नंबर या चार पावलांचा.

दूरदेशी
सहमत. आणि पंप झऱ्यात बुडवून भरत असतील तर तेही. इथे टाकीत पाणी सोडणाऱ्या नळीचं तोंड द्रावणाच्या वर लटकतं ठेवावं लागतं, उलटं ओढलं जाऊ नये म्हणून.

कुळीथपिठी
कातळफूल, पाणी उकळून प्या तोवर.

पाणवठा
उकळून जंतू मरतील, हे औषध जाणार नाही. उलट पाणी आटलं की प्रमाण वाढेल. कोळशाचा फिल्टर टू-फोर-डी बऱ्यापैकी धरतो, ग्लायफोसेटला जवळजवळ सोडूनच देतो. आरओने दोन्ही कमी होतात. पण प्रत्येक घरात आरओ बसवण्यापेक्षा धुण्याची जागा हलवणं स्वस्त.

कातळफूल
तपासणी कुठे करायची? ग्रामपंचायतीत किट आहे म्हणतात.

पाणवठा
त्या किटमध्ये क्लोरीन, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, जडपणा, जंतू असलं कळतं. कीडनाशक नाही. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत विचारा, पण नेमका प्रश्न विचारा. "कीटकनाशकांची चाचणी" म्हणून जी एकत्र यादी तपासतात, तिच्यात ग्लायफोसेट बहुधा नसतं. ते पाण्यात फारच विरघळणारं असल्याने त्याची पद्धतच वेगळी आहे, आणि महाग. यादी बघून पैसे भरा, नाहीतर "काही आढळले नाही" असा कागद घेऊन घरी याल आणि बागवाला तोच फ्रेम करून लावेल.

पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, आयएस १०५०० (२०१२), त्यात टू-फोर-डीची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. ग्लायफोसेटचं नाव त्या यादीत नाही. त्यामुळे आकडा हातात आला तरी कायद्याने तो जास्त की कमी, हा वाद राहणारच.

नियमबुवा
म्हणूनच म्हणतो, कागदाच्या मागे न लागता ग्रामसभेत ठराव करा. झऱ्याच्या वर एवढं अंतर, पऱ्याच्या दोन्ही काठांना एवढं अंतर, तिथे फवारणी नाही, पंप धुणं नाही.

सहज_सुचलं
ठराव! आमच्या ग्रामसभेत कोरम होत नाही, चहा असला तरी.

अर्धवट_आंबेवाला
ठरावाने बागवाला चिडेल, मग दिवसाऐवजी रात्री मारेल. माझं ऐका. मी त्या बाजूचा माणूस आहे, आमचं डोकं कसं चालतं मला माहीत आहे. त्याला "पाणी विषारी केलंस" म्हणून जाऊ नका. वर पाणी नाही ही त्याची अडचण खरी आहे. वाडीने मिळून वर एक पाचशे लिटरची टाकी बसवा, झऱ्यापासून लांब, बागेतच. पाईप तुमचा आहेच, त्यातून एक फाटा द्या. पंप तिथे भरेल, तिथेच धुवेल, आणि धुतलेलं पाणी कलमांपासून दूर, गवतावरच मारून टाकेल. वाया नाही जात, तेवढंच गवत मरतं. पऱ्याच्या काठाची पट्टी ग्रासकटरने काढा म्हणावं, तिचे पैसे वाडीने दिले तर तो नाही म्हणणार नाही.

आणि परतीचा पाऊस संपल्यावर मारलं तर औषध वायाही जात नाही. मारल्यावर पाच-सहा तासांत सर आली तर पैसे पाण्यात, हे त्याला पाण्याच्या काळजीपेक्षा लवकर समजेल. नवरात्रात मारतोय म्हणजे निम्मं औषध तो पऱ्यालाच दान करतोय.

कुळीथपिठी
दादा, तुम्ही स्वतः पऱ्याचा काठ सोडता का?

अर्धवट_आंबेवाला
माझ्या बागेत पऱ्या नाही. विहीर आहे. तिच्याभोवती कापतोच, औषध मारत नाही. पाणी मीच पितो ना.

मालवणी_मीठ
आता खरां बोललास.

जांभा_चिरा
टाकीची कल्पना बरी आहे. पण वाडीने बागवाल्याच्या ग्रासकटरचे पैसे का द्यायचे? घाण त्याची, बिल आमचं?

अर्धवट_आंबेवाला
तत्त्वाने तुम्ही बरोबर. तत्त्व घेऊन बसा, पाणी तेच येईल.

पावसाळी_भाजी
कापलेलं गवत कोणाला तरी द्या की. धनगरवाड्यावर अजून गुरं आहेत, ते नेतील. कापायलाही येतील कदाचित.

कातळफूल
हे सुचलंच नव्हतं. धनगरवाडा आमच्या सड्याच्या पलीकडेच आहे, आणि पूर्वी गवत तेच न्यायचे. भाऊ रविवारी बागवाल्याच्या घरी जातोय, टाकीचं बोलायला. मी फोनवर असेन. आवाज चढला तर रेंज गेली म्हणून सांगणार.

@पाणवठा, तपासणीसाठी पाणी कधी आणि कशात घ्यायचं? घरात काचेच्या बरण्या आहेत.

पाणवठा
काच नको, ग्लायफोसेट काचेला चिकटतं. स्वच्छ प्लास्टिकची बाटली, आणि ती औषधाच्या खोलीत ठेवलेली नसावी. फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या सरीचं पाणी घ्या, सर ओसरायच्या आत. एक बाटली झऱ्याच्या तोंडाशी, एक बागेच्या वर जिथे फवारणी झाली नाही तिथली. वरची नसेल तर खालचीला काही अर्थ राहत नाही. बाटलीवर तारीख-वेळ लिहून थंड आणि अंधारात ठेवा, आणि लवकर पोचवा. प्रयोगशाळेला आधी फोन करा, काही ठिकाणी बाटली तेच देतात.

शहरीबाबू
फोडशीचा धागा काढलाय. लिंक विचारपुशीत.